आविश घराणे : सोयरिकीत हरवलेले सिंहासन

१/२७
इ.स. १३८५च्या एप्रिल महिन्यात पोर्तुगालमधील कोइंब्रा येथे भरलेल्या सभेने एका अनौरस राजपुत्राला राजा म्हणून निवडले. शेजारच्या कॅस्टिलच्या राजाचा दावा लग्नसंबंधामुळे बळकट होता. पण परक्याचे राज्य नको, म्हणून त्या सभेने रक्ताच्या नियमाला मुरड घातली. बरोबर १९५ वर्षांनी त्याच घराण्यातील आणखी एका अनौरस पुरुषाला लोकांनी राजा म्हणून पुकारले. या वेळी मात्र दोनच महिन्यांत सारे संपले आणि मुकुट कॅस्टिलच्या राजाच्या मस्तकी गेला. वास्को द गामाची सफर आणि गोव्याची पोर्तुगीज सत्ता ही या दोन प्रसंगांच्या मधल्या काळातील कर्तबगारी. ती ज्यांच्या नावावर आहे, त्या आविश घराण्याचा हा इतिहास.

२/२७
चौदाव्या शतकात ‘स्पेन’ नावाचे एकसंध राज्य अस्तित्वात नव्हते. आयबेरियन द्वीपकल्पात कॅस्टिल, आरागॉन, नव्हारा, पोर्तुगाल आणि मुस्लिम सत्तेखालील ग्रानादा अशी पाच राज्ये होती. त्यांत कॅस्टिल सर्वांत मोठे, आणि पोर्तुगालची जमिनीवरील संपूर्ण सरहद्द कॅस्टिलला भिडलेली. ऑक्टोबर १३८३मध्ये पोर्तुगालचा राजा फर्नांदो वारला. त्याला मुलगा नव्हता. एकुलती एक औरस कन्या बियात्रिझ जेमतेम दहा वर्षांची, आणि त्याच वर्षी तिचे लग्न कॅस्टिलचा राजा हुआन याच्याशी लावून दिलेले. करारानुसार तिला मूल होऊन ते जाणते होईपर्यंत कारभार राणी लिओनोर तेलेस हिच्याकडे राहायचा होता.

३/२७
राणी लिओनोर लोकांना नकोशी होती. तिचा विश्वासू सरदार आंदेइरो दरबारात सर्वेसर्वा झाला होता, आणि जावई हुआन करार बाजूला सारून सैन्यासह पोर्तुगालात शिरण्याच्या तयारीत होता. ६ डिसेंबर १३८३ रोजी लिस्बनच्या राजवाड्यात आंदेइरोचा खून झाला. खून करणारा होता जुआंव, मृत राजाचा सावत्र भाऊ. वय २६. तो राजा पेद्रोचा अनौरस मुलगा आणि ‘आविश’ नावाच्या लष्करी-धार्मिक पंथाचा प्रमुख. घराण्याला पुढे मिळालेले नाव याच पंथाचे. लिस्बनची जनता रस्त्यावर उतरली. शहराचा बिशप कॅस्टिलच्या पक्षाचा समजला जात होता. जमावाने त्याला कॅथेड्रलच्या मनोऱ्यावरून खाली फेकले.

४/२७
१३८४च्या उन्हाळ्यात हुआनने लिस्बनला वेढा घातला. शहरात अन्नधान्याची टंचाई झाली, पण दरवाजे उघडले गेले नाहीत. अखेरीस वेढा घालणाऱ्यांच्याच छावणीत प्लेगची साथ पसरली आणि सप्टेंबरमध्ये हुआनला माघार घ्यावी लागली. दक्षिणेत नुनो आल्वारेस परेरा हा तरुण सेनानी जुआंवच्या बाजूने उभा राहिला होता. एप्रिलमध्ये आतोलेइरोश येथे त्याने कॅस्टिलच्या घोडदळाचा पराभव केला होता. बऱ्याच मोठ्या सरदारांनी कॅस्टिलची बाजू धरली होती. जुआंवला आधार होता तो लिस्बन, पोर्तो यांसारख्या शहरांचा, तेथील व्यापाऱ्यांचा व कारागिरांचा, आणि सरदार घराण्यांतील धाकट्या मुलांचा.

५/२७
कोइंब्राच्या सभेला ‘कोर्तेस’ म्हणत. सरदार, धर्मगुरू आणि नगरांचे प्रतिनिधी असे तीन वर्ग तीत बसत. तेथे कायदेपंडित जुआंव दास रेग्रास याने एकेक दावेदार बाद केला. हुआनने करार मोडला होता, शिवाय त्या काळच्या धर्मभेदात तो रोमच्या पोपविरुद्ध आव्हिन्यॉंच्या पोपच्या पक्षात होता. राजा पेद्रो व इनेश द कास्त्रो यांच्या मुलांचा दावा होता. पण त्या दोघांचे लग्न झाल्याचा पुरावा नव्हता, म्हणजे तेही अनौरसच. औरस वारस उरलाच नाही, तर सिंहासन रिकामे आहे. आणि सिंहासन रिकामे असेल तर राजा निवडण्याचा अधिकार राज्याचा आहे. ६ एप्रिल १३८५ रोजी जुआंव पोर्तुगालचा राजा झाला.

६/२७
सभेचा निर्णय रणांगणावर टिकणे बाकी होते. १४ ऑगस्ट १३८५ रोजी अल्जुबारोटा येथे नुनो आल्वारेसने निवडलेल्या अरुंद जागेत, खंदक आणि अडथळ्यांच्या आड, संख्येने कितीतरी कमी असलेल्या पोर्तुगीज सैन्याने कॅस्टिलचा दणदणीत पराभव केला. मदतीला इंग्लिश तिरंदाज होते. विजयाच्या स्मरणार्थ राजाने जो मठ बांधला, त्या गावाचे नावच ‘बाताल्या’, म्हणजे लढाई, असे पडले. १३८६मध्ये विंडसर येथे इंग्लंडशी तह झाला आणि पुढच्या वर्षी जुआंवने लँकेस्टरच्या फिलिपाशी विवाह केला. घराण्याची पहिली मोठी सोयरीक अशी कॅस्टिलपासून दूर, समुद्रापलीकडे झाली.

७/२७
जुआंव व फिलिपा यांची मुले शिकलेली आणि महत्त्वाकांक्षी निघाली. थोरला दुआर्ते, मग पेद्रो, हेन्रिक, जुआंव आणि फर्नांदो. कन्या इसाबेल पुढे बर्गंडीची डचेस झाली. १४११मध्ये कॅस्टिलशी तह झाल्यावर या राजपुत्रांच्या पराक्रमाला जमिनीवर वाव राहिला नाही. ऑगस्ट १४१५मध्ये दोनशेहून अधिक जहाजांचा ताफा जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपलीकडे गेला आणि मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील सेउता हे समृद्ध बंदर एका दिवसात पडले. आविश घराण्याची युरोपबाहेरची ही पहिली जिंकलेली भूमी. सेउता हे नाव लक्षात ठेवावे. या कथेच्या अखेरीस ते पुन्हा येणार आहे.

८/२७
सेउता घेणे सोपे गेले, राखणे महाग पडले. आसपासचा मुलूख शत्रूचा राहिला, व्यापारी मार्ग दुसरीकडे वळले आणि शहर म्हणजे खर्चिक ठाणे झाले. १४३७मध्ये हेन्रिकच्या नेतृत्वाखाली टँजियरवर स्वारी झाली. पोर्तुगीज सैन्य कोंडीत सापडले. सेउता परत देण्याच्या अटीवर सुटका झाली आणि ओलीस म्हणून धाकटा भाऊ फर्नांदो मागे राहिला. सेउता द्यायची की भाऊ सोडवायचा, यावर दरबारात वाद झाला. सेउता दिली गेली नाही. राजा दुआर्ते १४३८मध्ये वारला. फर्नांदो १४४३मध्ये फेझच्या कैदेत मरण पावला. पोर्तुगालने त्याला ‘संत राजपुत्र’ ही पदवी दिली.

९/२७
दुआर्तेचा मुलगा अफोंसो अल्पवयीन असल्याने चुलता पेद्रो कारभार पाहू लागला. अफोंसो त्याचा पुतण्या आणि जावईही होता. तरी सत्ता हाती येताच दोघांत वितुष्ट आले आणि १४४९मध्ये आल्फारोबेइराच्या लढाईत पेद्रो मारला गेला. त्याच काळात हेन्रिकची जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकत होती. १४३४मध्ये बोजादोर भूशिर ओलांडले गेले. १४४४मध्ये पोर्तुगालमधील लागुश बंदरात २३५ आफ्रिकी कैदी उतरवून वाटण्यात आले, त्यातला पाचवा हिस्सा हेन्रिकचा. इतिवृत्तकार झुरारा याने आई-मुलांच्या ताटातुटीचे त्या दिवशीचे वर्णन लिहून ठेवले आहे. दर्यावर्दी राजपुत्राच्या कीर्तीची ही दुसरी बाजू.

१०/२७
पाचवा अफोंसो याच्यापासून घराण्याची दृष्टी पुन्हा कॅस्टिलकडे वळली. १४७५मध्ये तेथे वारसाहक्काचे युद्ध पेटले: एका बाजूला इसाबेला आणि तिचा पती आरागॉनचा फर्दिनांद, दुसऱ्या बाजूला आधीच्या राजाची मुलगी हुआना. हुआना ही अफोंसोच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. त्याने या भाचीशीच विवाह ठरवला आणि कॅस्टिलच्या गादीवर हक्क सांगितला. १४७६मध्ये तोरोच्या लढाईनंतर तो डाव फसला. १४७९च्या आल्कासोवाश तहाने अफोंसोने कॅस्टिलवरील हक्क सोडला. बदल्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा व्यापार पोर्तुगालकडे राहिला. तलवारीने जे साधले नाही, ते पुढच्या पिढ्या लग्नांनी साधू पाहणार होत्या.

११/२७
दुसरा जुआंव १४८१मध्ये गादीवर आला. सरदारांचे बळ मोडल्याशिवाय राज्य चालणार नाही, हे त्याने ओळखले होते. १४८३मध्ये देशातील सर्वांत मोठा सरदार, ब्रागांझाचा ड्यूक, याचा एव्होरा येथे शिरच्छेद झाला. पुढच्या वर्षी कट केल्याच्या आरोपावरून व्हिझेवच्या ड्यूकला, म्हणजे राणीच्या सख्ख्या भावाला, राजाने स्वतःच्या हाताने भोसकले. याच राजाच्या काळात बार्तोलोमेव दियाश १४८८मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आला. १४९४च्या तोर्देसियास तहाने पोर्तुगाल व कॅस्टिल यांनी अटलांटिकात एक रेषा ओढून पलीकडचे जग आपापसांत वाटून घेतले.

१२/२७
दुसऱ्या जुआंवने आपला एकुलता एक औरस मुलगा अफोंसो याचे लग्न १४९०मध्ये इसाबेला व फर्दिनांद यांच्या थोरल्या मुलीशी लावले. जुलै १४९१मध्ये, लग्नाला वर्षही झाले नसताना, सोळा वर्षांचा राजपुत्र टेगस नदीकाठी घोड्यावरून पडून मेला. राजाने आपला अनौरस मुलगा जॉर्ज याला गादी मिळावी म्हणून प्रयत्न केले. राणीने ठाम विरोध केला. ज्या घराण्याचा संस्थापकच अनौरस, त्याच घराण्यात शंभर वर्षांनंतर अनौरसपणा अडसर ठरला. १४९५मध्ये गादी गेली राणीच्या धाकट्या भावाकडे, मानुएलकडे. त्याच्या थोरल्या भावाला राजाने भोसकून मारले होते.

१३/२७
मानुएलने त्याच विधवा राजकन्येला, इसाबेलला, मागणी घातली. तिच्याकडून अट आली: पोर्तुगालात यहुदी राहता कामा नयेत. १४९२मध्ये स्पॅनिश राज्यांतून हाकलले गेलेले हजारो यहुदी पोर्तुगालात आश्रयाला आले होते. डिसेंबर १४९६मध्ये त्यांना देश सोडण्याचे फर्मान निघाले. पण ही कसबी आणि व्यापारी प्रजा जाऊ देणेही राजाला परवडणारे नव्हते. म्हणून १४९७मध्ये मुले हिसकावून त्यांचे बाप्तिस्मे झाले आणि मोठ्यांनाही सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. असे ‘नवख्रिस्ती’ निर्माण झाले. एप्रिल १५०६मध्ये लिस्बनच्या जमावाने त्यांच्यापैकी शेकडोंची कत्तल केली. एका लग्नाची ही किंमत राजाने नव्हे, प्रजेने मोजली.

१४/२७
लग्न होते न होते तोच इसाबेलचा भाऊ वारला आणि ती कॅस्टिलची वारस ठरली. ऑगस्ट १४९८मध्ये तिला मुलगा झाला. बाळंतपणात तिचा मृत्यू झाला. मुलाचे नाव मिगेल. पोर्तुगाल, कॅस्टिल आणि आरागॉन या तिन्ही राज्यांचा एकमेव वारस! संपूर्ण द्वीपकल्प आविश घराण्याच्या छत्राखाली येणार, असे दोन वर्षे वाटत राहिले. जुलै १५००मध्ये हे बाळ ग्रानादा येथे दगावले. मानुएलने त्याच वर्षी मृत पत्नीच्या बहिणीशी, मारियाशी, लग्न केले. तीही गेल्यावर १५१८मध्ये दोघींची भाची लिओनोर हिच्याशी. तिन्ही राण्या एकाच घरच्या.

१५/२७
या घरगुती हिशेबांच्या समांतर समुद्रावर काय घडत होते, ते भारताच्या पश्चिम किनाऱ्याला चांगले ठाऊक आहे. जुलै १४९७मध्ये निघालेला वास्को द गामा मे १४९८मध्ये कालिकतला पोहोचला. १५००मध्ये काब्राल ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचे जिंकले. शहरातील मुस्लिम रहिवाशांची त्या वेळी कत्तल झाली. मिऱ्यांनी भरलेली जहाजे लिस्बनला येऊ लागली. बेलें येथील जेरोनिमुश मठ मसाल्यांवरील कराच्या पैशातून उभा राहिला. मानुएलने इथिओपिया, अरबस्तान, इराण व हिंदुस्थान यांच्या ‘विजय, नौकानयन आणि व्यापाराचा स्वामी’ असा किताब धारण केला.

१६/२७
सोयरिकीची एक सावली थेट गोव्यापर्यंत आली. स्पेनमधून हाकललेल्या आणि १४९७मध्ये सक्तीने ख्रिस्ती झालेल्या एका यहुदी दांपत्याचा मुलगा गार्सिया द ऑर्ता १५३४मध्ये वैद्य म्हणून गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने त्याचे औषधोपचार घेतले. मुंबई बेट त्याच्याकडे काही काळ खंडाने होते. येथील औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३मध्ये गोव्यातच छापला गेला. गोव्यात इन्क्विझिशन १५६०मध्ये आले होते. ऑर्ता १५६८मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला जाळण्यात आले. १५८०मध्ये, आविश घराण्याच्या अखेरच्या वर्षी, त्याच्या अस्थी उकरून जाळल्या गेल्या.

१७/२७
मानुएल १५२१मध्ये वारला तेव्हा त्याचे सहा मुलगे हयात होते. असे घराणे साठ वर्षांच्या आत निर्वंश होईल, असे कोणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले गेले असते. थोरला तिसरा जुआंव गादीवर आला. कॅस्टिल व आरागॉन आता हॅब्सबर्ग घराण्याच्या पाचव्या चार्ल्सकडे होते. दोन्ही घरांत साटेलोटे झाले: १५२५मध्ये जुआंवने चार्ल्सची बहीण कातरिना केली, १५२६मध्ये चार्ल्सने जुआंवची बहीण इसाबेल केली. १५२७मध्ये इसाबेलला मुलगा झाला. त्याचे नाव फिलिप. हाच पुढे स्पेनचा दुसरा फिलिप.

१८/२७
या विवाहांमागे हिशेब होता. लहान देशाची माणसे ब्राझीलपासून मलाक्कापर्यंत पांगली होती. अशा वेळी एकमेव शेजाऱ्याशी शांतता हवीच. शिवाय मोठ्या घरच्या मुलींनी प्रतिष्ठा वाढे. परंतु हुंड्यांच्या रकमा अवाढव्य होत्या, किल्ले व आरमार यांचा खर्च मसाल्यांच्या नफ्यापुढे धावू लागला होता आणि कर्ज फुगत होते. १५४१पासून मोरोक्कोतील साफी, आझेमूर यांसारखी ठाणी सोडून द्यावी लागली. १५४९मध्ये अँटवर्पची पोर्तुगीज वखार बंद झाली. घरातही अवकळा होती. जुआंव आणि कातरिना यांना नऊ मुले झाली. नऊही बापाच्या डोळ्यांदेखत गेली.

१९/२७
त्यांतला शेवटचा, सोळा वर्षांचा जुआंव मानुएल, २ जानेवारी १५५४ रोजी वारला. त्याची पत्नी जुआना पाचव्या चार्ल्सची मुलगी, म्हणजे त्याची मामेबहीण आणि आतेबहीणही. ती गरोदर होती. अठरा दिवसांनी, २० जानेवारीला, तिला मुलगा झाला. साऱ्या राज्याने ज्याची वाट पाहिली, तो सेबास्तियांव. लोक त्याला ‘वांछित’ म्हणू लागले. कोणत्याही माणसाला आठ पणजोबा-पणज्या असतात. सेबास्तियांवला चारच होते. मानुएल व मारिया, आणि चार्ल्सचे आई-वडील: हीच दोन जोडपी त्याच्या वंशावळीत दोन्ही बाजूंनी येतात. स्पेनचा दुसरा फिलिप त्याचा सख्खा मामा.

२०/२७
तीन वर्षांचा असताना तो राजा झाला. आई त्याला तान्हा सोडून स्पेनला परतली होती. आजी कातरिना आणि मग चुलत आजोबा कार्डिनल हेन्रिक यांनी कारभार केला. चौदाव्या वर्षी त्याने सत्ता हाती घेतली. धर्मयुद्ध आणि मोरोक्को यांपलीकडे त्याला काही सुचत नसे. लग्नाची बोलणी येत आणि विरून जात. १५७०-७१मध्ये अली आदिलशहाने गोव्याला आणि मूर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला. पोर्तुगीजांनी दोन्ही ठाणी राखली. १५७२मध्ये, गोव्यात काही वर्षे काढून परतलेल्या कामोंइश या कवीने आपले महाकाव्य या तरुण राजाला अर्पण केले.

२१/२७
मोरोक्कोतून हुसकावला गेलेला सुलतान मदत मागायला आला आणि सेबास्तियांवला निमित्त मिळाले. मामा फिलिपने सबुरीचा सल्ला दिला. तो ऐकला गेला नाही. १५७८च्या जूनअखेर सुमारे १७ हजारांचे सैन्य निघाले, त्यात जर्मन, इटालियन, कॅस्टिलियन भाडोत्रीही होते. ऐन उन्हाळ्यात, किनारा सोडून ते आत शिरले. ४ ऑगस्ट रोजी अल्कासर किबिर येथे काही तासांत सर्वनाश झाला. तीन राजे मेले: सेबास्तियांव लढताना, त्याचा मित्र सुलतान नदीत बुडून आणि प्रतिस्पर्धी अब्द अल-मलिक आजाराने, लढाई चालू असतानाच. पोर्तुगालचे बहुतेक सरदार मारले गेले किंवा कैद झाले. राजा चोवीस वर्षांचा, अविवाहित.

२२/२७
गादीवर बसवायला उरला एकच: कार्डिनल हेन्रिक, मानुएलचा मुलगा, वय ६६, आयुष्यभर धर्मगुरू आणि अनेक वर्षे प्रमुख इन्क्विझिटर. वंश चालावा म्हणून या वृद्धाने व्रतातून मुक्त होऊन लग्न करण्याची परवानगी पोपकडे मागितली. ती मिळाली नाही. इकडे मोरोक्कोतील कैद्यांच्या खंडणीसाठी घराघरांतले सोने-नाणे बाहेर पडत होते आणि लिस्बनमध्ये प्लेग पसरला होता. १३८४मध्ये याच रोगाने शत्रूची छावणी रिकामी केली होती. ३१ जानेवारी १५८० रोजी, आपल्या ६८व्या वाढदिवशी, हेन्रिक वारला. वारस कोण, हे त्याने शेवटपर्यंत जाहीर केले नाही.

२३/२७
दावेदार अनेक होते, बहुतेक मानुएलची नातवंडे-पतवंडे. ब्रागांझाची डचेस कातरिना त्याच्या मुलाची मुलगी. क्रातोचा प्रायर आंतोनियो दुसऱ्या मुलाचा मुलगा, पण अनौरस. आणि फिलिप दुसरा, मुलीचा मुलगा: नातू, पुरुष, औरस आणि युरोपातील सर्वांत बलाढ्य राजा. जानेवारीत आल्मेइरिंच्या कोर्तेसमध्ये लिस्बनचा प्रतिनिधी फेबो मोनिझ याने नगरांच्या वतीने आग्रह धरला, की गादी रिकामी झाल्यास राजा निवडण्याचा हक्क राज्याचा आहे आणि तो पोर्तुगीजच असावा. कोइंब्राचाच युक्तिवाद होता तो. परंतु बहुतेक सरदार आणि वरिष्ठ धर्मगुरूंकडे फिलिपचा माणूस क्रिस्तोव्हांव द मोउरा पैसा, पदे आणि आश्वासने घेऊन आधीच पोहोचला होता.

२४/२७
जून १५८०मध्ये सांतारेंच्या लोकांनी आंतोनियोला राजा पुकारले. १३८३चा प्रयोग पुन्हा होऊ पाहत होता. पण त्याची सामग्री उरली नव्हती. नुनो आल्वारेससारखा सेनानी नव्हता, लढवय्या पिढी मोरोक्कोच्या वाळूत गाडली गेली होती, कोणत्याही मित्रराष्ट्राचे सैन्य आले नाही. १३८४चा लिस्बनचा व्यापारी कॅस्टिलविरुद्ध उभा होता. १५८०च्या व्यापाऱ्याला पूर्वेकडील खरेदीसाठी स्पॅनिश अमेरिकेची चांदी हवी होती. २५ ऑगस्ट रोजी लिस्बनजवळ आल्कांतारा येथे आल्बाच्या वृद्ध ड्यूकने आंतोनियोची नवशिकी फौज उधळून लावली. आसोरेश बेटांतील तेरसेइरा त्याच्या नावाने १५८३पर्यंत झुंजले. तो स्वतः १५९५मध्ये पॅरिसमध्ये निर्वासित म्हणून मेला.

२५/२७
एप्रिल १५८१मध्ये तोमार येथील कोर्तेसने फिलिपला राजा मानले. पोर्तुगालचे कायदे, पदे आणि व्यापार पोर्तुगीजांकडेच राहतील, असे वचन त्याने दिले आणि बऱ्याच अंशी पाळले. पण एका गोष्टीवर वचन चालणार नव्हते: स्पेनचे शत्रू आता पोर्तुगालचेही शत्रू झाले. डच बंडखोरांना लिस्बनचे बंदर बंद होऊ लागले, तेव्हा ते मसाल्यांसाठी थेट पूर्वेकडे निघाले. १६०२मध्ये त्यांची ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. १६२२मध्ये इराणी व इंग्रजांनी होर्मुझ घेतले. १६३०च्या दशकाअखेर डच जहाजे दरवर्षी गोव्याच्या मुखाशी नाकेबंदी करू लागली. १६४१मध्ये मलाक्का गेले.

२६/२७
पराभूत माणसांना राजा मेला, हे पटेना. मोरोक्कोतून आलेले शव फिलिपने १५८२मध्ये बेलेंच्या मठात पुरले, पण ते सेबास्तियांवचेच कशावरून, असे लोक विचारत राहिले. १५८४ ते १५९८ या काळात चार तोतये निघाले. त्यांतला एक मिठाईवाला होता, एक इटालियन. त्याला तर पोर्तुगीज भाषाही धड येत नव्हती. धुक्याच्या सकाळी राजा परतेल, ही श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या टिकली आणि ब्राझीलपर्यंत पोहोचली. या वेडगळ दिसणाऱ्या श्रद्धेत एक राजकीय मागणी दडली होती: आमचा राजा आमच्यातला असावा. कोर्तेसमध्ये जे बोलता येईना, ते दंतकथेतून बोलले जात होते.

२७/२७
१ डिसेंबर १६४० रोजी लिस्बनमध्ये उठाव झाला आणि ब्रागांझाचा ड्यूक राजा झाला. १५८०मध्ये डावलल्या गेलेल्या कातरिनाचा तो नातू. आणि मूळ पुरुष पाहिला, तर आविशच्या पहिल्या जुआंवच्या अनौरस मुलाचा वंशज. त्याच्याच मुलीच्या लग्नकरारात १६६१मध्ये मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली. पोर्तुगालच्या वसाहतींनी एकामागून एक नव्या राजाला मानले. सेउताने मात्र नाही. ती स्पेनकडेच राहिली आणि १६६८च्या तहाने ते कायम झाले. जिच्यासाठी राजपुत्र फर्नांदोला फेझच्या कैदेत मरू दिले, ती आविश घराण्याची पहिली कमाई आजही स्पेनमध्ये आहे. तिच्या ध्वजावर अजून लिस्बनचे काळे-पांढरे रंग आणि पोर्तुगालचे राजचिन्ह आहे.